चिठ्ठीत न निघालेला मजला

आमच्या इमारतीची लिफ्ट बंद पडली यात माझा दोष नाही. ती कायमची बंद ठेवायचं ठरलं, त्यातही नाही. ज्या पाहणीवरून तसं ठरलं ती पाहणी मात्र मी केली, आणि ती निर्दोष होती. हे आधीच सांगून टाकतो, कारण हल्ली मला जिन्यात भेटणारा प्रत्येक माणूस धापा टाकत असतो आणि धापा टाकणारा माणूस दुसऱ्याचं पूर्ण वाक्य ऐकून घेत नाही.

मी सांख्यिकी कार्यालयातून निवृत्त झालो. इमारतीत मला आकडेशास्त्री म्हणतात. सुरुवातीला आदराने म्हणत असावेत, असा माझा समज आहे.

लिफ्ट म्हातारी झाली होती. दोन मजल्यांच्या मध्येच थांबायची आणि आतल्या माणसाला समोर निम्मी भिंत आणि निम्मे पाय दिसायचे. पाय कोणाचे हे ओळखून त्या माणसाला हाक मारायची कला आम्हा सर्वांना अवगत झाली होती. मग लिफ्टवाला यायचा, वर यंत्राच्या खोलीत जाऊन काहीतरी बडवायचा आणि तोंड पाडून खाली यायचा. शेवटी एकदा तो म्हणाला, "साहेब, हिला नवीन तरी करा, नाहीतर सोडून तरी द्या. मधलं काही उरलं नाही आता."

नवीन करायची म्हणजे सगळ्यांनी खिशात हात घालायचा. त्यासाठी बैठक बोलावली. बैठकीची खोली तळमजल्यावर आणि लिफ्ट बंद, त्यामुळे वरचे लोक आलेच नाहीत. अध्यक्षांनी जिन्यापाशी जाऊन, तोंड वर करून, "वरच्यांचं काय म्हणणं आहे?" असं विचारलं. वरून कोणीतरी "काय?" असं ओरडलं. इतिवृत्तात 'वरच्या मजल्यांकडून एक प्रश्न आला' अशी नोंद झाली आणि बैठक तहकूब झाली.

शेवटच्या मजल्यावर, म्हणजे पाचव्यावर, माझी अक्का राहत होती. आई लवकर गेली, मला अक्कानेच वाढवलं, त्यामुळे माझी साठी उलटून गेली तरी ती मला छोट्या म्हणते. नोकरी टेलिफोन खात्यात केली, म्हणून बोलणं मोजकं. दोन्ही गुडघ्यांनी तिची साथ सोडली होती, पण रोज संध्याकाळी लिफ्टने खाली उतरून ती फाटकाजवळच्या बाकावर आपल्या तीन मैत्रिणींबरोबर बसायची आणि चौघी मिळून जगाची सालं काढायच्या. तिची लेक दुसऱ्या शहरात असते. "आई, आता इकडे ये," असं ती रोज फोनवर म्हणायची. अक्काचं उत्तर ठरलेलं. "तिथे आले की मी पाहुणी. माणसाने आपलं दार आपल्या किल्लीने उघडावं. लिफ्ट आहे तोवर मी इथे आहे." आमच्या दुसऱ्या मजल्यावर राहायला ये म्हटलं, तर दोन मजले चढायचे काय आणि पाच काय, तिच्या गुडघ्यांना सारखेच. शिवाय भावजयीच्या स्वयंपाकघरात लुडबुड करणारी नणंद व्हायचं तिला नव्हतं. तेव्हा लिफ्ट गेली की अक्का जाणार, हे उघड होतं. ते कळायला सांख्यिकी लागत नव्हती.

आणि तरीही पाहणीची कल्पना मीच मांडली. अध्यक्ष म्हणत होते, चोवीस घरं, प्रत्येकाकडे कोण जाणार आणि प्रत्येकाचं रडगाणं कोण ऐकणार? मी म्हणालो, सगळ्यांना विचारायची गरजच नसते. चोवीस चिठ्ठ्या करायच्या, डोळे मिटून आठ काढायच्या, त्या आठांचं मत ते इमारतीचं मत. शितावरून भाताची परीक्षा. यात वशिला नाही, गटबाजी नाही, माणसाच्या हातात काहीच नाही. अध्यक्षांना हे फारच आवडलं. माणसाच्या हातात काहीच नाही, हे वाक्य त्यांनी दोनदा म्हणून पाहिलं.

घरी बायको भाकरी नसलेल्या तव्यासारखी तापली. "शितावरून भाताची परीक्षा केव्हा, तर भात नीट ढवळलेला असेल तेव्हा. तुमची इमारत कोणी ढवळलीय? खालचे खाली आणि वरचे वर. प्रत्येक मजल्यावरचं एकेक घर घ्या की सरळ."

"ती वेगळी पद्धत झाली," मी म्हणालो.

"मग ती वापरा."

"बैठकीत ही मंजूर झाली आहे."

यावर तिने जो श्वास सोडला तो मी लग्नापासून ओळखतो. अक्काचं घर मुद्दाम घाला, असंही ती म्हणाली. मी साफ नाही म्हणालो. पाहणी करणाऱ्याने स्वतःच्या बहिणीचं घर मागच्या दाराने आत घेतलं, असं उद्या कोणी म्हणालं असतं तर आयुष्यभराची इभ्रत धुळीला मिळाली असती. आणि चोवीसात आठ म्हणजे तीनात एक. वरच्या तीन मजल्यांवर बारा घरं, त्यातली चारेक तरी निघणारच, असा माझा हिशेब होता. हिशेब बरोबर होता. चिठ्ठ्यांना तो माहीत नव्हता.

बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात मी स्वतः चिठ्ठ्या टाकल्या. सगळ्या एका मापाच्या, एकाच घडीच्या. डबा हलवायचं काम पहिल्या मजल्यावरच्या वकिलांनी केलं आणि चिठ्ठ्या अध्यक्षांच्या पत्नीने काढल्या, डोळ्यांवर स्वतःचा रुमाल बांधून. तळमजला. तळमजला. पहिला. पुन्हा तळमजला. मला घाम फुटू लागला. पहिला. पहिला. तळमजल्याचं उरलेलं चौथं घर. आठवी चिठ्ठी दुसऱ्या मजल्याची निघाली आणि मी सुटकेचा निःश्वास टाकला, तोवर कळलं की ते आमचंच घर आहे.

तिसरा, चौथा, पाचवा यांतलं एकही घर नाही. असं होणं अशक्य नसतं, फक्त दुर्मीळ असतं. दुर्मीळ गोष्टींनाही कुठेतरी घडावं लागतंच. ती आमच्या इमारतीत घडली. वकील म्हणाले, "पुन्हा काढायच्या का?" त्या क्षणी सगळे माझ्याकडे बघत होते. हो म्हणायला काय लागत होतं? पण मी उभा राहिलो आणि म्हणालो, मनासारखं निघेपर्यंत चिठ्ठ्या काढत राहायचं असेल तर चिठ्ठ्या काढायच्याच कशाला? टाळ्या पडल्या. निवृत्तीनंतर मला मिळालेल्या त्या पहिल्या टाळ्या, आणि त्या सगळ्या खालच्या मजल्यांच्या होत्या.

मग मी दारोदार हिंडलो. पहिलं घर निघालं ते घर नव्हतंच, दातांच्या डॉक्टरांचा दवाखाना होता. तिथे बसायला पेशंटच्या खुर्चीखेरीज जागा नव्हती. मी टेकतो न टेकतो तोच डॉक्टरांनी पायाने कळ दाबली आणि मी आडवा झालो. "लिफ्ट? माझे पेशंट आधीच घाबरलेले असतात, त्यांना वर कशाला न्यायचं? नको. आ करा." मी आ केला. आठवडाभरात माझी एक दाढ गेली. पाहणीत तेवढा एकच प्रत्यक्ष तोटा झाला, असं मी तेव्हा समजत होतो.

दुसरं घर म्हणजे एका छत्रीवाल्याचं गोदाम. कुलूप. यादीत ते स्वतंत्र घर म्हणून होतं, तेव्हा वगळणं नियमात बसेना. छत्रीवाल्याचं दुकान शोधत मी शहराच्या दुसऱ्या टोकाला गेलो. तो गिऱ्हाइकाला छत्री उघडून दाखवत होता. म्हणाला, "छत्र्या कशाला वर जातील साहेब? नको लिहा." मी नको लिहिलं. पुढे ही म्हणाली की तुमच्या पाहणीत छत्र्यांना मत होतं आणि अक्कांना नव्हतं. हे वाक्य तिने निदान पाहुण्यांसमोर तरी बोलायला नको होतं.

वकिलांनी 'हवी' या शब्दाची व्याख्या मागितली. हवी म्हणजे इच्छा, गरज की हक्क? त्यांचं उत्तर लिहून घेता घेता माझी पाठ धरली आणि शेवटी ते 'सांगता येत नाही' या रकान्यात गेलं. अध्यक्षांच्या घरी अध्यक्ष "नको" म्हणाले आणि त्यांच्या पत्नी "हवी" म्हणाल्या. मी अर्धं-अर्धं लिहायची तयारी केली. अध्यक्ष म्हणाले, घराचं मत एकच असतं. पत्नी आत गेल्या आणि आतून भांडी आपटल्याचे आवाज आले. भांड्यांसाठी रकाना नव्हता. इतर घरांत फारसं काही घडलं नाही. एकाने कुत्रा सोडला, पण तो म्हातारा होता आणि माझ्या चपलेवर झोपला.

सर्वांत कठीण घर आमचं होतं. मी रीतसर बेल वाजवली. हिने दार उघडलं आणि मला पाहून लावून घेतलं. पुन्हा वाजवली.

"लिफ्ट हवी की नको?" मी विचारलं.

"हवी. अक्कांसाठी."

"अक्कांसाठी असा प्रश्न नाही. तुला स्वतःला हवी का? तू लिफ्ट वापरतेस का?"

"मी? मी तर जिन्यानेच जाते. पण..."

"बस, एवढंच," मी म्हणालो, आणि 'नको' लिहिलं.

ती तशीच दारात उभी राहिली. रागावली असती तर बरं झालं असतं. ती नुसती माझ्याकडे बघत राहिली, एखाद्या ओळखीच्या माणसाचं नाव आठवत नसलं की आपण बघतो तशी.

निकाल लागला. सात नको, एक सांगता येत नाही, हवी एकही नाही. अध्यक्षांनी तो फळ्यावर लावला आणि खाली माझी सही घेतली. अक्काला सांगायला मीच वर गेलो. जिना चढताना मला पहिल्यांदाच कळलं की पाचवा मजला खूप उंच आहे. दार अक्काने उघडलं, तेही बऱ्याच वेळाने, कारण खुर्चीतून उठायला तिला वेळ लागायचा.

"मला कोणी विचारायला आलं नाही ते?" ती म्हणाली.

"तुझी चिठ्ठी निघाली नाही, अक्का."

"मग काढायची."

"अशी काढता येत नाही गं. सगळ्यांना सारखी संधी होती. तुझी चिठ्ठीही होती डब्यात, मी स्वतः टाकली."

"होती ना? मग डब्यातच राहिले की मी." एवढं बोलून तिने मला पाणी दिलं. मी धापा टाकत होतो.

त्यानंतर मी स्वस्थ बसलो असं कोणी म्हणू नये. मी लिफ्ट तपासणी कार्यालयात गेलो. तिथून इमारतीला 'लिफ्ट दुरुस्त करा' अशी नोटीस निघाली तर पाहणीचा मानही राहणार होता आणि अक्काही राहणार होती. पहिल्या टेबलाने दुसऱ्याकडे पाठवलं, दुसऱ्याने तिसऱ्याकडे, तिसऱ्यावरचा माणूस रजेवर होता म्हणून पुन्हा पहिल्याने चौथ्याकडे. चौथ्या टेबलावरचे तपासनीस सज्जन होते. त्यांनी मला बसायला खुर्ची दिली आणि ती डुगडुगते म्हणून खाली कागदाची घडीही घातली.

"आमची लिफ्ट इतकी वर्षं बिघडत होती, तुमच्याकडून कोणी तपासायला कसं आलं नाही?" मी विचारलं.

"शहरात लिफ्ट फार आणि आम्ही थोडे," ते म्हणाले. "म्हणून आम्ही नमुना काढतो. तुमची अजून निघाली नसेल."

"पण ती बिघडलेली होती हो!"

"असेल. नमुन्यातल्या मात्र सगळ्या उत्तम आहेत." त्यांनी भिंतीवरचा तक्ता दाखवला. "त्यावरून शहरातल्या लिफ्टची स्थिती समाधानकारक आहे."

मी तक्ता वाचला. नमुना कसा काढला, किती काढला, सगळं खाली बारीक अक्षरांत दिलं होतं. पद्धत चोख होती. नाव ठेवायला जागाच सापडेना, म्हणून मी आभार मानून उठलो. बाहेर फुटपाथवर उभं राहून मात्र मला भडभडून आलं. मी कोणावर चिडायचं तेच कळत नव्हतं. त्या चौथ्या टेबलामागे बसलेला माणूस मीच होतो, फक्त वयाने लहान.

लिफ्टच्या दाराला प्रत्येक मजल्यावर लोखंडी पट्ट्या मारल्या. काही आठवडे अक्काच्या मैत्रिणी खालून हाका मारायच्या आणि ती खिडकीतून हात हलवायची. एवढ्या वरून बोलणं ऐकू जात नसे. मग एक मैत्रीण आजारी पडली, उरलेल्या दोघी बाकावर कमी येऊ लागल्या आणि अक्काने लेकीला फोन करून सांगितलं, ये न्यायला.

तिला खुर्चीत बसवून हमालांनी खाली आणलं. आधी कपाट गेलं, मग ती. प्रत्येक मजल्यावर हमाल दम घ्यायला थांबले आणि प्रत्येक मजल्यावर दारं उघडली. चौथ्यावरच्या बाई म्हणाल्या, "अक्का, आम्हाला पण हवी होती हो लिफ्ट. पण आम्हाला कोणी विचारलंच नाही." तिसऱ्यावरच्या आजोबांनीही हेच सांगितलं, आणि सांगताना माझ्याकडे बघायचं टाळलं. मी मागून अक्काची पिशवी घेऊन उतरत होतो. खाली आल्यावर अक्काने फाटकाजवळच्या बाकावर पाचच मिनिटं बसू द्या म्हटलं. गाडीवाला घाई करत होता. "राहू दे मग," ती म्हणाली. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही. अक्का म्हणाली, "छोट्या, नाक पूस."

तिथे गेल्यापासून ती मला रोज संध्याकाळी फोन करते, बाकावर बसायच्या वेळेला. पहिल्याच फोनवर म्हणाली, "इथे लिफ्ट आहे हो, गुळगुळीत. आरसासुद्धा आहे आत. पण खाली ओळखीचं कोणी नाही, म्हणून मी वरच बसते."

इकडे वरच्या मजल्यांवर कुरबुर सुरू झाली. अध्यक्ष म्हणाले, भावनेच्या आहारी जायचं नाही. लिफ्ट नसल्याने किती जणांची गैरसोय झाली याची शास्त्रीय पाहणी करू. मी म्हणालो, या वेळी चोवीसच्या चोवीस घरांत जाऊ, मी एकटा जाईन, एका दिवसात फिरून येईन. अध्यक्ष हसले. "शास्त्रीबुवा, सगळ्यांना विचारायची गरज नसते. तुम्हीच शिकवलंत आम्हाला." मी निदान मजल्यांप्रमाणे वाटणी करून चिठ्ठ्या काढा म्हणालो. वकील म्हणाले, ती वेगळी पद्धत झाली. मग मी खाली बसलो.

पुन्हा डबा, पुन्हा रुमाल. पहिली चिठ्ठी तिसऱ्या मजल्याची निघाली. माझ्या जिवात जीव आला. दुसरी अध्यक्षांनी उलगडली आणि वाचली. पाचवा मजला, अक्काचं घर.

"हे बंद आहे," अध्यक्ष म्हणाले. "पुढची काढा."

"थांबा!" मी ओरडलो. माझा आवाज एवढा चढतो हे मलाच ठाऊक नव्हतं. "हे घर वगळायचं नाही. याचं उत्तर मी देतो."

"तुम्ही त्या घरात राहता का?" वकिलांनी विचारलं.

"नाही."

"मग कोण राहतं?"

"आता कोणी राहत नाही."

"मग लिफ्टवाचून गैरसोय कोणाची झाली?" अध्यक्षांनी विचारलं. तसे ते वाईट गृहस्थ नाहीत. त्यांना खरोखरच जाणून घ्यायचं होतं. मी बोलायला तोंड उघडलं, पण एका रकान्यात मावेल असं उत्तर मला सुचेना. त्यांच्या पत्नीने रुमालाआडून विचारलं, "काढू का पुढची?" आणि काढली. ती तळमजल्याची होती. तिथे कोणाचीही गैरसोय झालेली नव्हती.

संध्याकाळी नेहमीप्रमाणे अक्काचा फोन आला. मी सांगणार नव्हतो, पण तिच्यापासून माझं काही लपत नाही. आवाजावरून ओळखते.

"पुन्हा चिठ्ठ्या काढल्या आज," मी म्हणालो. "तुझी निघाली, अक्का."

"माझी? अगंबाई!" ती एवढी खूश झाली की जणू तिचा नंबरच लागला होता. पलीकडे तिने लेकीलाही हाक मारून सांगितलं. "मग लिही की छोट्या. लिफ्ट हवी आहे म्हणून लिही. मजला शेवटचा, गुडघे दोन्ही. लिहिलंस?"

माझ्यासमोर कागद नव्हता आणि पेन नव्हतं. सबंध नोकरीत मी एकही खोटी नोंद केलेली नाही.

"लिहिलं," मी म्हणालो.